न लागलेला लाल दिवा

सेंट-ओडिल
९ जानेवारी १९८८

लॉरेट,

नाही, मी त्यांच्या त्या कमिटीत नाही. तू विचारलं नाहीस, कुणीच विचारलं नाही, तरी आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की आर्सेन पण त्यात होता. बोलावलं होतं मला. गेलो नाही. एक पुस्तक लिहायला सात माणसं, त्यात कॉफी, केक, ठराव, त्याला अनुमोदन. एक खड्डा खणायला सात जण जमले की समजावं, खड्डा काही होत नाही.

पुस्तक आपल्या हॉकीच्या टीमचं. 'काळी अस्वलं: बर्फावरची गौरवगाथा.' या मार्चमध्ये त्या फायनलला तीस वर्षं होतात म्हणे, म्हणून गाव एकदम हळवं झालंय. शाळेतली मादाम ब्रिसबुआ अध्यक्ष. तिनं टाईप केलेली पानं घरी पाठवली, वर चिठ्ठी: 'मस्यू पकेत, रिंकचं बर्फ चाळीस वर्षं तुम्हीच केलंत, तर बर्फाबद्दलचं तेवढं तपासा.'

तपासलं. लाल पेन्सिल झिजून बोटाएवढी राहिली.

लिहिलंय काय, तर १९३१ साली 'गावकऱ्यांच्या उत्स्फूर्त प्रेमातून' संघ जन्मला. प्रेम कसलं! कागदाची मिल तीन महिने बंद होती, पोरं दारू पिऊन एकमेकांची डोकी फोडत होती, म्हणून मॅनेजरनं मिलच्या मागे आगीच्या बंबानं पाणी सोडलं आणि म्हणाला, फोडायचीच तर इथं फोडा. झाला संघ. पुढे लिहिलंय, 'अस्वलासारख्या धैर्यामुळे' काळी अस्वलं हे नाव पडलं. तुला आठवतं ना? आपल्या आईनं आणि बाकीच्या बायकांनी घोंगड्यांचे स्वेटर शिवले, मिलच्या टाकीत काळे रंगवले, आणि पहिल्याच मॅचला घामानं रंग सुटून सगळे गळ्यापासून कंबरेपर्यंत काळे झाले. समोरच्या टीमचे केटल हार्बरवाले ओरडले, 'अरे, अस्वलं आली, अस्वलं!' नाव तिथून पडलं. महिनाभर अंथरुणाच्या चादरी काळ्या निघत होत्या. हे छापा ना! पण नाही, यांना धैर्य पाहिजे.

आणि बर्फ म्हणे थंड पाण्यानं करतात. थंड! थंड पाणी टाकलं की फोड येतात बर्फाला. उकळतं पाणी लागतं. ते वरचा थर जरा वितळवतं आणि मग सगळं एकजीव गोठतं. पिंपात गरम पाणी, पिंप घसरगाडीवर, मागे ओलं कापड, आणि पुढे ओढणारा मी. चाळीस वर्षं. मादामला वाटतं आपोआप होतं, खिडकीवर होतं तसं.

हे सगळं असो. मी हे पत्र पान एकसष्टसाठी लिहितोय. मी लिहून काढतो, तू बसून वाच.

'१९५८ च्या अंतिम सामन्यात तीन-तीन अशी बरोबरी होती आणि चार मिनिटं उरली होती. कॉनराड लाफ्लॅमनं चकती मारून केलेला गोल नाकारला गेला, कारण गोलामागे बसणारे गोलपंच अडेलार वाशों यांनी लाल दिवा लावलाच नाही. लगेच केटल हार्बरनं गोल केला आणि करंडक नेला. पुढच्याच महिन्यात वाशों यांच्या केस कापण्याच्या दुकानात लाल चामड्याची नवीकोरी खुर्ची आली. वाचकांनी काय ते समजून घ्यावं.'

समजून घ्यावं! तुझ्या नवऱ्यानं एका खुर्चीसाठी मॅच विकली, असं समजून घ्यावं. दारूच्या गुत्त्यात बोलतात ते वेगळं, तिथं कोण काय बोलतो ते सकाळी त्यालाही आठवत नाही. हे छापणार. शाळेत वाटणार. पोरं वाचणार.

खुर्ची डिसेंबरात मागवली होती, हे मला माहीत आहे. स्टेशनावर ती उतरवून घ्यायला मीच होतो, मागणीची तारीख असलेल्या पावतीवर सही माझी आहे. मी त्यांना सांगतो. फेब्रुवारी संपता संपता छापायला जाणार आहे, त्याच्या आत सांगतो. अडेलारचं नाव स्वच्छ व्हायला तेवढं पुरे.

उत्तर लिहायची गरज नाही. तीस वर्षं माझ्या नाताळच्या कार्डांना उत्तर दिलं नाहीस, तसंच.

आर्सेन

सेंट-ओडिल
२४ जानेवारी १९८८

लॉरेट,

गेलो होतो मादाम ब्रिसबुआकडे. तिच्या बैठकीच्या खोलीत बूट काढून बसवतात. माझ्या मोज्याला भोक होतं. बघू दे.

कॉनराड तिथंच बसला होता, कमिटीचा मेंबर. आठवतो ना कॉनराड? तेव्हा चित्त्यासारखा पळायचा, आता दारातून आडवा होऊन शिरतो. न दिलेल्या गोलावर तीस वर्षं फुकट पितोय हा माणूस. गुत्त्यात कुणी नवखा आला की सुरू, 'मित्रा, तुला माहीत आहे का, माझ्याशी काय झालं?' दिला असता तो गोल, तर एवढी बिअर मिळाली नसती त्याला.

मी म्हणालो, "खुर्ची लाचेची नाही. डिसेंबरात मागवली होती. मी उतरवली."

मादाम म्हणाली, "मस्यू पकेत, ती ओळ आम्ही काढू शकतो. पण दिवा लागला नाही, हे तर खरं?"

"खरं."

"मग?"

"मग काय? गोलपंचानं चकती गोलात गेलेली बघितली तरच दिवा लावायचा. मागे ठोकळा उभा असतो का तो? अडेलारनं बघितली नाही, लावला नाही. बघितलं नाही ते बघितलं म्हणणारे गावात पुष्कळ होते, म्हणून तर त्याला बसवला होता तिथं."

कॉनराड म्हणाला, "आर्सेनदा, मी काठीला चकती लागल्याचा आवाज ऐकला, ती आत जाताना बघितली, आणि मी हात वर केले. मी काय भुताला गोल मारला?"

"तू त्या दिवशी तीन मॅचची दारू प्यायला होतास."

"ती नंतर! मॅचच्या आधी मी पिणारा नव्हे, पाद्री साक्षीला आहेत."

"पाद्री मेले."

"म्हणून तर त्यांचं नाव घेतो," कॉनराड म्हणाला आणि मादामच्या तोंडासमोर खदाखदा हसला.

मादाम हसली नाही. ती तशी मूर्ख नाही. चष्मा काढून म्हणाली, "दोघंही खरं बोलत असतील, तर चकती गेली कुठं? कॉनराड म्हणतो आत गेली. वाशों म्हणाले, मला ती मागे दिसली, फळीवर आपटून परत आलेली. आत गेली असती तर जाळीत अडकली असती ना?"

मी बूट चढवले आणि आलो.

असल्या चौकशा मला आवडत नाहीत. जाळी ठीक होती का, असं मला कुणी विचारलं नाही, तेव्हाही आणि आताही. आणि विचारण्यासारखं काही नाही. रेफ्रीनं स्वतः ओढून बघितली होती जाळी, भर मैदानात, सगळ्यांसमोर. घट्ट होती. संपलं.

खुर्चीची ओळ जाते, एवढं झालं. बाकी राहतं. 'लाल दिवा न लावल्यामुळे' हे राहतं. त्याचा अर्थ शाळेतल्या पोरांना पण कळतो. मी मादामला म्हणालो होतो, तेही काढा. ती म्हणाली, काढते, पण त्या जागी काय लिहू ते सांगा.

काय लिहू! पुस्तक तू लिहितेस का मी?

इथं उणे चौतीस आहे. तुझी वहिनी सिमोन गेल्यापासून मी एकच चूल पेटवतो. तुला सांगायचं कारण नाही, पण कागदावर जागा होती.

आर्सेन

सेंट-ओडिल
६ फेब्रुवारी १९८८

लॉरेट,

तुझं पत्र आलं. पोस्टातली मुलगी म्हणाली, "आजोबा, विंडसरहून!" जसं काही पोपच्या घरून आलं.

तीस वर्षांनी लिहिलंस आणि एक पान. तेही अर्धं. वाचलं मी. दोनदा वाचलं, कारण तुझं अक्षर अजून तसंच गिचमिड आहे.

म्हणजे तुला माहीत होतं. अडेलारनं तुला त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं, टोपी काढायच्या आधी. आणि तू तीस वर्षं गप्प बसलीस. मी दर नाताळला तुला कार्ड टाकतोय, कार्डावर रिंकचं चित्र, खाली 'सुखी राहा, आर्सेन'. आणि तू तिथं बसून ते बघतेस आणि तुला सगळं माहीत आहे! मी किती मूर्ख दिसलो असेन. निदान एक शिवी तरी लिहून पाठवायचीस. 'चोरा' एवढं लिहिलं असतंस तरी एका तिकिटात काम झालं असतं.

आणि ते दुसरं. पुस्तकाचं कळल्यावर अडेलार काय म्हणाला ते तू लिहिलंयस. 'त्यांना छापायचं ते छापू दे, म्हातारपणी आर्सेनला त्रास नको.'

त्याला सांग, मला त्याची दया नको! मागितली का मी? त्या दिवशी तरी मागितली होती का? तोंड उघडायचं होतं त्याला. रेफ्री त्याच्या पुढ्यात उभा होता, तारेच्या कुंपणाला नाक लावून विचारत होता, "चकती आत गेली का?" आणि या शहाण्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आत गेलेली मी बघितली नाही." खरंच होतं ते. पण अर्धं. दुसरं अर्धं त्यानं गिळलं, आणि गाव सोडावं लागलं तरी ओकलं नाही. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यानं मारलं असतं तर मी परत मारलं असतं. हा उलट माझ्यावर उपकार करून बसला, आणि मला तीस वर्षं ते वागवायला लावलं.

तू लिहितेस, खिडकीवर अंडी फेकली ते आम्ही धुतलं, मिलची माणसं दाढी करायला बारा मैलांवर जायला लागली तेही सोसलं. 'पण दादा, तू पण केस कापायला यायचा बंद झालास.'

झालो.

सहा पोरं होती मला, मिलचा मालक कसा होता तुला माहीत आहे. शिट्टी वाजल्यावर मिनिटभर उशीर झाला तरी हाकलायचा. कळलं असतं तर... पण ते कारण केसांना लागू होत नाही, हे मला पण कळतं. केस कापून घ्यायला मालकाची परवानगी लागत नव्हती. त्याच्या हातात वस्तरा, माझी मान मागे टाकलेली, आणि आरशात तो मला बघणार. मला तिथं बसवेना. मी घरीच कापायला लागलो, मेंढ्यांच्या कात्रीनं. सिमोन म्हणायची, "हे काय डोकं आहे का उंदरांनी कुरतडलेला ब्रश?" तिलाही सांगितलं नाही मी.

तू विचारलंयस, मी काय करणार. माहीत नाही. विचारू नकोस. छापखान्यात जायला तीन आठवडे आहेत.

आर्सेन

सेंट-ओडिल
१७ फेब्रुवारी १९८८

लॉरेट,

आज राखेचा बुधवार, पश्चात्तापाचा दिवस. कपाळावर राख आहे, म्हणून लिहितोय असं समजू नकोस. कमिटीची बैठक काल होती, म्हणून आज लिहितोय.

मी गेलो आणि सांगितलं. सात जण होते, सातांपुढे. तुला पण सांगतो, कारण अडेलारनं सांगितलं असलं तरी त्याला एक गोष्ट माहीत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या डावाच्या मधे अडेलार माझ्याकडे आला. नियमच होता, गोलपंचानं प्रत्येक डावाआधी आपली जाळी हातानं चाचपायची. दुसरे गोलपंच नुसते बघून बसायचे. हा एकेक फास ओढून बघायचा. त्या आठवड्यात दोनदा त्यानं मला बोलावलं होतं, एकदा नुसता दोरा लोंबत होता म्हणून. त्या दिवशी आला आणि म्हणाला, "मेव्हणे, उजवा खालचा कोपरा सुटलाय. मूठ जाते आत."

मी म्हणालो, "बघितलं मी. बांधलं. जा, बस तुझ्या स्टुलावर, म्हातारी कोंबडी कुठली."

तो म्हणाला, "बांधलं ना नक्की?"

मी म्हणालो, "तुझ्या आईची शपथ घेऊ का?"

तो हसला आणि गेला. परत चाचपली नाही त्यानं. आयुष्यात एकदा त्यानं कटकट केली नाही, ती माझ्या शब्दावर.

बांधलं नव्हतं. आणि हे त्याला माहीत नाही: त्याला वाटतं मला वेळ मिळाला नाही, पिंप ओढायचं होतं, पाणी निवत होतं. लॉरेट, वेळ होता. पाणी टाकून झालं होतं. मी बॉयलरच्या खोलीत केटल हार्बरच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर तंबाखूचा पाईप ओढत बसलो होतो. त्याला सांगत होतो, माझा मेव्हणा किती कटकट्या आहे ते.

पुढचं तुला माहीत आहे. कॉनराडनं मारली, चकती आत गेली, भोकातून मागे गेली, फळीवर आपटली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. अडेलारला फळीवर दिसली. दिवा नाही. मारामारी सुरू. लोकांनी बुटांवरचे रबरी बूट काढून मैदानात फेकायला सुरुवात केली, दोनशे तरी असतील. मी फावडं घेऊन ते गोळा करायला उतरलो, कामच होतं माझं. गोलाजवळ वाकलो. खिशात सशांच्या फासाची पितळी तार होती, ती नेहमीच असायची. दोन वेढे, एक पीळ, वर जरा बर्फाचा चुरा. मान वर केली तर कुंपणापलीकडे हातभर अंतरावर अडेलार. मग रेफ्री आला, त्यानं जाळी ओढली. घट्ट.

हे सगळं मी काल सांगितलं. उभं राहून सांगितलं.

आणि काय झालं असेल? विश्वासच बसला नाही कुणाचा! मादाम ब्रिसबुआ उठली, माझा हात धरला, डोळे ओले, म्हणाली, "मस्यू पकेत, आपल्या माणसासाठी एवढं करणारी माणसं आता राहिली नाहीत." औषधवाला म्हणाला, "पण आर्सेनदा, बहिणीसाठी खोटं छापता येत नाही हो पुस्तकात." मला! खोटं! तीस वर्षं मी खोटं बोललो तेव्हा एकानंही शंका घेतली नाही, आणि काल पहिल्यांदा खरं बोललो तर माझी पाठ थोपटतात!

मी म्हणालो, "कोट घाला. सगळे. चला रिंकवर."

तो गोल, म्हणजे पाईपाचा सांगाडा आणि जाळी, अजून तिथं आहे, प्रेक्षकांच्या बाकांच्या खाली, शेवटच्या खणात. १९६४ ला मालकानं टीम विकली तेव्हा दक्षिणेकडची माणसं ट्रक घेऊन आली आणि सगळं घेऊन गेली. स्वेटर, काठ्या, खेळाडूंची बाकं, नाव सुद्धा. बर्फ तेवढं नेता आलं नाही. हा गोल मी ताडपत्रीखाली घातला होता. पुढच्या मॅनेजरनं तीनदा सांगितलं, भंगारात टाक. मी म्हणायचो, पाईप चांगला आहे, राहू दे. मला पण तसंच वाटायचं.

ओढून काढला. औषधवाल्याचा कोट ग्रीसनं माखला, बरं झालं. मादाम गुडघ्यावर बसली, त्या वयात, बॅटरी घेऊन. उजवा खालचा कोपरा. तार हिरवी पडलीय, पण आहे. पांढऱ्या दोऱ्यात हिरवी गाठ. मी ती उलगडली. कॉनराडला म्हणालो, "घाल मूठ."

त्यानं घातली. मनगटापर्यंत गेली.

आता ऐक. मला वाटलं, आता तरी कुणीतरी अडेलारचं नाव घेईल. कॉनराड तिथंच, मूठ जाळीत, रडायला लागला. "गेला होता! माझा गोल गेला होता!" औषधवाल्यानं त्याला मिठी मारली. दुसरा म्हणाला, म्हणजे चार-तीन, म्हणजे आपणच चॅम्पियन! तिसरा म्हणाला, निशाण शिवून घेऊ, रेडिओला कळवू, लीगला पत्र लिहू. लीग मरून वीस वर्षं झाली! चर्चची घंटा वाजवायची भाषा करायला लागले. कॉनराड म्हणतो, "आर्सेनदा, तू गाढव आहेस, पण मी तुला माफ केलं." त्यानं मला माफ केलं! त्याचं काय गेलं होतं? त्याची तर बिअर चालू होती!

मी फावडं पाईपवर आपटलं. गप्प झाले.

मी म्हणालो, "एक माणूस इथून सामान बांधून गेला. त्याच्या खिडकीवर कुणी अंडी फेकली, ती माणसं इथंच उभी आहेत. मी नाव घेत नाही."

औषधवाला ग्रीस पुसायला लागला.

मादाम म्हणाली, "चला, माझ्या घरी. आत्ता टाईप करते." तिच्या स्वयंपाकघरात बसलो, बूट न काढता. ती म्हणाली, लिहिते, 'एका क्षणाच्या मानवी दुर्बलतेमुळे.' मी म्हणालो, काढा ते. ती म्हणाली, 'काळाच्या ओघात.' मी म्हणालो, तेही काढा. ओघ कसला, मी होतो. शेवटी मी सांगितलं तसं टाईप केलं. चौथी शिकलेल्या माणसाचं वाक्य आहे म्हणाली, पण बदललं नाही.

छापल्यावर पाठवतो.

आर्सेन

सेंट-ओडिल
२० मार्च १९८८

लॉरेट,

पुस्तक सोबत आहे. चादरी काळ्या झाल्याचं छापलंय, गरम पाण्याचं पण छापलंय. पान एकसष्ट आता असं आहे. तुझा चष्मा सापडत नसेल म्हणून लिहून देतो:

'चकती आत गेली होती. जाळी कोपऱ्यात सुटलेली होती, म्हणून ती मागे गेली. अडेलार वाशों यांनी जाळी सुटल्याचं आधीच सांगितलं होतं. ती बांधायचं काम आर्सेन पकेतचं होतं. त्यानं बांधली म्हणून खोटं सांगितलं, नंतर सर्वांसमोर लपवून बांधली, आणि तीस वर्षं गप्प बसला. वाशों यांनी जे बघितलं तेच सांगितलं. खुर्ची त्यांनी स्वतःच्या पैशानं डिसेंबरात मागवली होती. गावानं त्यांच्यावर अन्याय केला.'

शेवटचं वाक्य मादामनं स्वतःहून घातलं. त्यावर कमिटीत दोन तास भांडण झालं म्हणे. औषधवाल्यानं राजीनामा दिला. तिनं तो टेबलावरून उचलून कोऱ्या बाजूला किराण्याची यादी लिहिली. मी म्हणालो होतो ना, मूर्ख नाही ती.

इथं काय चाललंय ते विचारशील. गुत्त्यात माझ्या शेजारचं स्टूल रिकामं राहतं. पाय पसरता येतात. रविवारी माझ्या दारावर अंडी फुटलेली होती, चार. तीस वर्षं चुकीच्या पत्त्यावर होती, आता पोचली. धुतली. कॉनराडनं मात्र गुत्त्यात उभं राहून कुणाला तरी दम दिला, "त्याला शिव्या घालायचा हक्क फक्त माझा!" रेडिओवाला आला होता, मशीन घेऊन. "आजोबा, तीस वर्षं ओझं वाहून कसं वाटलं?" मी म्हणालो, तुझं मशीन जड आहे का? म्हणाला, आहे. मी म्हणालो, मग उचल आणि नीघ. पुस्तकाच्या मेजवानीला मला वरच्या टेबलावर बसवून चार शब्द बोलायला लावणार होते. गेलो नाही. मटणाचा पाय घरी पाठवला होता कुणीतरी, तो खाल्ला.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. या वेळी पूर्ण पान. ईस्टरला ये, लिहितेस. अडेलारला पान एकसष्ट तू वाचून दाखवणार, म्हणजे तो स्वतः वाचायच्या आत तुझ्या आवाजात ऐकेल, बरं. मग लिहितेस, पाईप आणि ड्रायव्हरचं तू त्याला अजून सांगितलेलं नाहीस, ते त्याला माझ्या तोंडून ऐकायचा हक्क आहे. आणि 'दादा, तू सगळं लिहिलंस, पण माफ कर हा शब्द एकाही पत्रात नाही.'

मोजलेस वाटतं.

येतो. दोन एप्रिलची बस आहे, दुपारी पोचते. स्टेशनावर कुणी यायची गरज नाही, मला पाट्या वाचता येतात. ड्रायव्हरचं मी त्याला सांगेन, पहिल्या पाच मिनिटांत, उभ्यानं, कोट काढायच्या आधी. त्याला बाहेर काढायचं असेल तर कोट अंगावरच असेल. एकदा सांगेन. त्यानं विचारलं, का रे, तर मी उत्तर देणार नाही, कारण माझ्याकडे नाही. तू रडायला लागलीस तर परसात जाईन. त्या शब्दाचं तू मला विचारायचं नाहीस, जेवताना नाही, चर्चमध्ये नाही, निघताना नाही. तो तोंडाला आला तर मी अडेलारला म्हणेन, तुझ्यासमोर नाही. नाही आला तर नाही. पुस्तकात छापलंय, चार माणसांत सांगितलंय, तुला लिहिलंय. आता यावर मी एक शब्द बोलणार नाही, लिहिणार नाही, आणि या पत्राला उत्तर आलं तर उघडणार पण नाही.

आर्सेन